नौबादच्या गॅरेजातला धूर

गॅरेजात दोन गोष्टी कुणी मुद्दाम जमवत नाही, तरी ढिगानं जमतात. जुने नटबोल्ट आणि किस्से! नटबोल्टांचं बरं असतं. भंगारवाला येतो आणि पोत्यात भरून नेतो. किश्शांना मात्र गिऱ्हाईक नाही. म्हणून असे चार मित्र बसले की मीच ते फुकट वाटायला काढतो.

मी भास्कर. कमलनगरकडचा. वडिलांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा मी पाळण्यात होतो, असं आई सांगायची. पुढं गुलबर्ग्याला आयटीआय केलं आणि बीदरला, नौबादेत, अप्पांच्या गॅरेजात मेकॅनिक म्हणून लागलो. अप्पा म्हणजे गुरुपादप्पा, गॅरेजचे मालक. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, हाताला ग्रीस. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, ड्रायव्हरांशी उर्दू आणि इंजिनाशी तिन्ही! पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्या ग्लासातला अर्धा चहा माझ्या ग्लासात ओतला आणि म्हणाले, "घे, कामाला लाग." तेवढ्या अर्ध्या चहावर मी चौदा वर्षं टिकलो.

हे सगळे किस्से मोटारीच्या मागून निघणाऱ्या धुराचे आहेत. ऐंशीचं दशक संपता संपता सरकारनं धुराचा नियम आणला, आणि आमच्या गॅरेजचा जीव एकाच गोष्टीत अडकला. काजामियाँची टॅक्सी पास होणार का? नापास झाली तर परमिट जाणार, आणि त्या माणसाला ड्रायव्हिंगशिवाय दुसरं काही येत नव्हतं. त्यात अप्पांचा हट्ट, की पास करायची तर खरी करायची, लबाडी करून नाही. ते ओघानं येईलच. आधी अप्पांचं नाक सांगतो.

* * *

अप्पा गाडी बघायचेच नाहीत. धूर बघायचे. काळा असला तर हवा कमी नाहीतर डिझेल जास्त. निळा असला तर ऑइल जळतंय. बाकीचं हुंगून कळायचं. आम्ही बॉनेट उघडेपर्यंत त्यांचं निदान झालेलं असायचं.

एकदा एक कंत्राटदार पेट्रोलची मोटार घेऊन आले. ड्रायव्हर चालवत होता, मालक मागं. तक्रार अशी, की गाडी ओढत नाही आणि चढाला खडखड वाजते. अप्पा मागं गेले, सायलेन्सरपाशी वाकले आणि एकदाच श्वास घेतला.

"मालक, पेट्रोल कुठलं टाकायलात?"

"पंपावरचं! एकदम चोख!"

"नक्की?"

"शपथ घेऊ काय?"

अप्पांनी कापडाला हात पुसले. "शपथ नगं. एवढंच सांगा, गाडीचं नाव रेशनकार्डावर कधी घातलात?"

घासलेट तेव्हा रेशनच्या दुकानात मिळायचं. कंत्राटदार पोट धरून हसले. आम्ही सगळे हसलो. एकटा त्यांचा ड्रायव्हर तेवढा हसला नाही!

दुसऱ्या आठवड्यात मोटार आली तेव्हा धूर बदललेला होता. ड्रायव्हरही.

* * *

पेट्रोलवाल्यांना तेव्हा भारी गर्व. डिझेलची गाडी म्हणजे त्यांच्या लेखी चाकांवरची चूल. आमच्याकडं एक डॉक्टर यायचे, त्यांची मोटार पेट्रोलची. येता-जाता काजामियाँच्या डिझेल टॅक्सीकडं बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "अप्पा, माझ्या गाडीला धूरच नाही! मागं आरसा धरा, चेहरा दिसेल!"

थंडीच्या दिवसांत डॉक्टर सकाळी शेडचं शटर खाली ओढून गाडी चालू करायचे. इंजिन गरम होईपर्यंत आत बसून पेपर वाचायचे. आणि रोज सकाळी त्यांचं डोकं दुखायचं! स्वतःच्याच गोळ्या खाल्ल्या. चष्म्याचा नंबर बदलला. चहा सोडला. शेवटी पेपर बदलला. डोकं काही थांबेना.

एक दिवस अप्पा कार्बोरेटर बघायला त्यांच्या घरी गेले. मीही होतो. शेडात दोन मिनिटं उभे राहिले असतील नसतील, डॉक्टरांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर ओढलं आणि दाणकन शटर वर केलं.

"अहो, पण धूर कुठाय?" डॉक्टर चिडले.

"डॉक्टर, डिझेलचा धूर दरोडेखोर. येतो तो बोंबलत येतो. पेट्रोलचा धूर चोर! घरात शिरून बसला तरी कळत न्हाई."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "कार्बन मोनॉक्साइड! मी परीक्षेत लिहिलं होतं हे!"

"पेपरात लिवलं, शेडात इसरलात," अप्पा म्हणाले.

डॉक्टर माणूस दिलदार. त्या दिवसापासून मोटार असलेला डोकेदुखीचा पेशंट आला की चिठ्ठीवर पहिली ओळ लिहायचे, "आधी अप्पांना दाखवा." आमच्या खिळ्याला अशा पाच-सहा चिठ्ठ्या लागल्या. मग एक दिवस औरादकडचा एक माणूस चिठ्ठी घेऊन आला. डॉक्टरांनी घाईत त्यालाही तेच लिहून दिलं होतं.

अप्पांनी विचारलं, "गाडी कुठाय?"

"सायकल हाय की."

अप्पांनी चिठ्ठी परत दिली. "मग जा डॉक्टरकडं. तुझं डोकं खरंच दुखायलंय!"

* * *

आता काजामियाँ. पन्नाशीचा माणूस. मिशा मेंदीनं लाल, तोंडात पान आणि मनात गाडी. बीदर ते मन्नाएखेळ्ळी सीट भरून न्यायचे. गाडी मूळची पेट्रोलची, जुनी, पांढरी, ऐसपैस. पेट्रोल परवडेना म्हणून कुणीतरी तिचं इंजिन काढून त्या जागी डिझेलचं बसवलेलं. त्या काळी असं सर्रास चालायचं. वरून मोटार, आतून पिठाची गिरणी!

मागच्या सीटखाली पत्रा सडून भोक पडलेलं होतं. बाहेरचा निम्मा धूर त्यातून आत यायचा. मन्नाएखेळ्ळीच्या शाळेतले एक गुरुजी रोज त्याच सीटवर. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"काजामियाँ, धूर आत यायलाय!"

"हौ गुरुजी. बाहर मच्छर भोत हैं ना!"

गुरुजींनी महिनाभर सहन केलं. बायको रोज शर्टाला साबण लावून दमली. शेवटी गुरुजींनी दोन करड्या रंगाचे शर्ट शिवून घेतले आणि भांडणच मिटवलं.

आठवड्यानं काजामियाँ गॅरेजात आले ते छाती फुगवून. "देखो अप्पा! तुमी सारखं म्हणत होते, गाडी धुआँ मारती. आजकल गुरुजीका शर्ट मैलाच नहीं होता. गाडी अपने आप सुधर गई!"

अप्पांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "भास्कर, ह्यांना चहा दे. काही बोलू नगंस."

* * *

मग तो नियम आला. तपासणीच्या ऑफिसात एक नवे इन्स्पेक्टर साहेब आले. तरुण, धारवाडकडचे, अंगात पांढराशुभ्र शर्ट, बोलणं कमी. मराठी यायचं, पण एकेक शब्द जपून वापरायचे. त्यांच्याबरोबर एक मशीन आलं. त्याची नळी सायलेन्सरात घालायची आणि उभ्या गाडीचा ॲक्सिलेटर दाबायचा. मशीनमध्ये एक गोल पांढरा कागद असायचा, त्यातून धूर खेचला जायचा. कागद जितका काळा तितकी गाडी गुन्हेगार.

नियम आला की पळवाट त्याच्या मागच्या सीटवर बसून येते! डिझेल इंजिनाच्या पंपाला एक स्क्रू असतो. तो थोडा फिरवला की इंजिनाला डिझेल कमी जातं. धूर बंद. ताकदही बंद. पण तपासणीत गाडी उभी असते, तिला ताकद लागतेच कशाला? स्टँडाजवळच्या एका गॅरेजनं हाच धंदा सुरू केला. त्याला 'पासिंगची सेटिंग' म्हणायचे. सकाळी स्क्रू फिरवायचा, ऑफिसात पास व्हायचं आणि बाहेर पडलं की वळणावरच्या लिंबाच्या झाडाखाली तोच मेकॅनिक पाना घेऊन उभा. स्क्रू परत होता तिथं!

मीही एकदा अप्पांना म्हणालो, "आपणही करू की. सगळेच करायलेत."

अप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. "पोराला ताप आला तर तू काय करशील? थर्मामीटर बर्फात घालशील? ह्या गॅरेजातनं तसली एक गाडी जायची न्हाई."

खरं सांगतो, मला लाज वाटली.

एक दिवस साहेब चहाला म्हणून पायी बाहेर पडले. लिंबाखाली गाड्यांची रांग दिसली. शेवटच्या ड्रायव्हरला त्यांनी विचारलं, "इथं काय चाललंय?"

तो बिचारा उदगीरचा. साहेबांना ओळखत नव्हता. मोकळ्या मनानं म्हणाला, "काय न्हाई भाऊ. आत जायच्या आदी गाडी आजारी पाडायची अन् भाईर आली की हितं बरी करायची!"

साहेबांनी चहा न पिताच पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली ऑफिसचा शिपाई खुर्ची टाकून बसलेला होता.

* * *

काजामियाँची पहिली तपासणी मी डोळ्यांनी बघितली. नळी घातली. काजामियाँनी 'बिस्मिल्ला' म्हणत ॲक्सिलेटर दाबला. गाडीनं असा काही धूर सोडला, की ऑफिसच्या पायरीवरचं कुत्रं उठून गेलं. साहेबांनी मशीनमधून कागद काढला. डांबर!

काजामियाँ घाईघाईनं खाली उतरले. "साहब, वो बाजू मत देखो. पलटके देखो, पीछे सफेद होगा!"

साहेबांनी खरंच कागद उलटला. मागची बाजूही काळी!

मला हसू फुटलं. साहेब हसले नाहीत. "पंधरा दिवस देतो," ते म्हणाले. "पुन्हा नापास झाली तर परमिट रद्द करण्यासाठी लिहावं लागेल. माझा इलाज नाही."

संध्याकाळी काजामियाँ गॅरेजात आले आणि जुन्या टायरवर बसून राहिले. तोंडात पान नव्हतं. मी त्या माणसाला पानाशिवाय पहिल्यांदाच बघत होतो, आणि दुपारच्या हसण्याचं मला फार वाईट वाटलं.

"अप्पा, बारा साल का था, जब मोटार धोने कू लगा," ते म्हणाले. "मेरेकू दुसरा काम नहीं आता."

अप्पा त्यांच्या शेजारी बसले. "पंधरा दिवसांत पास करून दाखवतो. पण खरी करतो. लबाडीची न्हाई. जमंल का?"

काजामियाँनी मान हलवली. मान हलवताना त्यांनी अप्पांच्या डोळ्यांत बघितलं नाही, हे मला नंतर आठवलं.

* * *

दुसऱ्या दिवशी आम्ही इंजिन उघडलं. डिझेल फवारणारे नोझल काढले, पंप उतरवला. काजळी इतकी निघाली, की गावच्या शाळेतल्या सगळ्या फळ्यांना रंग झाला असता. सगळ्यात शेवटी अप्पांनी हवेच्या फिल्टरचा डबा उघडला. इंजिनाला हवा तिथून जाते. आत फिल्टर नव्हता. आत होता गोधडीचा तुकडा!

दोन पदरी, टाके घातलेला, कडेला लाल पट्टी. अप्पांनी तो दोन बोटांत धरून वर केला.

"काजामियाँ, हे काय?"

"वो... फिल्टर खराब हुआ था. घरवाली बोली, ये लगा लो. धूल नहीं जाती."

"कधीपास्नं हाय?"

"दो-तीन बरसात हुई होंगी."

"धूळ जात न्हाई, हवा बी जात न्हाई!" अप्पा ओरडले. "धूर काळा कामून येतो म्हणून इचारता? इंजिनला काय थंडी वाजायली होती व्हय?"

काजामियाँ खाली मान घालून म्हणाले, "अप्पा, वो टुकडा फेंको नक्को. घरवाली वापस माँगती."

* * *

इंजिन जोडलं. उभ्या गाडीला धूर जवळजवळ नाहीच. मी खूश. अप्पा नाही.

"उभ्या गाडीचं काय सांगतोस? म्हैस गोठ्यात सगळ्यांचीच गरीब. रस्त्यावर, माणसं भरून, चढाला बघायचं."

बघायचं कसं? धूर मागं, ड्रायव्हर पुढं. मग अप्पांनी युक्ती काढली. डिकीचं झाकण उघडं ठेवून मला आत बसवलं, तोंड मागं, पाय बाहेर लोंबते. झाकण डोक्यावर पडू नये म्हणून दोरीनं बांधलं. पुढं काजामियाँ, शेजारी अप्पा, मागच्या सीटवर वजनासाठी वाळूची पोती. मी धूर बघून रंग ओरडायचा आणि अप्पांनी ऐकून गाडी थांबवून पंप नीट करायचा.

निघालो. चढ लागला. मी ओरडलो, "काळा!" गाडी थांबली, अप्पांनी स्क्रू थोडा फिरवला. परत चढ. "अजून काळा!" परत थांबलो. तीन दिवस हे चाललं. रस्त्याची धूळ माझ्या दातांत, आणि शेतातली माणसं काम सोडून बघायला उभी!

तिसऱ्या दिवशी रस्त्याकडेला एक म्हातारी सरपणाची मोळी टेकवून उभी होती. गाडी तिच्याजवळ थांबली.

"काय रं लेकरा, कामून बोंबलायलास?"

"आजी, धूर बघायलोय."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अन् त्यासाठी एवढा मोटारीचा खर्च? माझ्या चुलीपाशी ये की, पोटभर बघ! वर भाकर बी देते!"

पुढच्या चढाला मी ओरडलो, "काहीच न्हाई!" गाडी भरधाव वर चढली आणि मागं फक्त धूळ. अप्पांनी पंपाचा स्क्रू पक्का केला आणि त्यावर लाल रंगाचा ठिपका लावला, म्हणजे कुणी हलवला तर कळावं. इतक्या वर्षांत अप्पांना शीळ घालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

* * *

आता पंधराव्या दिवसाचं सांगतो. सकाळी ऑफिसच्या आवारात गाडी लागली. अप्पा धुतलेलं धोतर नेसून आले होते. नळी घातली. काजामियाँनी ॲक्सिलेटर दाबला. इंजिन जरा दबक्या आवाजात गुरगुरलं, मला ते खटकलं, पण मी बोललो नाही. साहेबांनी कागद काढला.

पांढरा. नुसता पांढरा नाही, कोरा!

काजामियाँ हात जोडून उभे. अप्पांच्या कपाळाला मात्र आठी पडली. त्यांनी सेट केलेल्या गाडीचा कागद थोडा तरी करडा व्हायला हवा होता. साहेबांनीही कागद उजेडात धरून बघितला. मग सर्टिफिकेटचं पुस्तक सही न करताच पिशवीत टाकलं.

"मला मन्नाएखेळ्ळीला काम आहे," ते म्हणाले. "याच गाडीनं जाऊ. सही तिथं करतो."

"चला की!" अप्पा म्हणाले. काजामियाँच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

पुढं काजामियाँ आणि साहेब, मागं अप्पा, मी आणि काजामियाँच्या नेहमीच्या पॅसेंजर शांताक्का. शांताक्का लेकीकडं निघाल्या होत्या, डिकीत त्यांची ज्वारीची दोन पोती. गाडी सपाटीला कशीबशी पळाली. ओढा ओलांडला आणि चढ लागला. तिसऱ्या गिअरची दुसऱ्यात, दुसऱ्याची पहिल्यात, आणि अर्ध्या चढावर गाडी उभीच राहिली. धूर एक कण नाही, आणि पुढं एक हात नाही!

"उतरा," साहेब म्हणाले.

सगळे उतरलो. ढकलायला लागलो. साहेबांनी स्वतः शर्टाच्या बाह्या वर करून सायलेन्सरच्या बरोबर मागं खांदा लावला. शांताक्का बाजूनं चालत होत्या. "अगं बाई, टॅक्सी म्हणून बसले, ही तर बाळंतीण निघाली!" गाडी चार हात सरकली आणि परत सहा हात मागं आली. ती खाली आणून आम्ही ओढ्यापाशी लावली.

अप्पांनी बॉनेट उघडलं. वाकले. आणि तसेच वाकून राहिले.

मी जवळ गेलो. स्क्रूवरचा लाल ठिपका फुटला होता. कुणीतरी स्क्रू चांगले दोन फेरे फिरवला होता.

बोलायचं न बोलायचं, सगळं अप्पांच्या हातात होतं. 'इंजिन गरम झालं' एवढं म्हटलं असतं तरी कदाचित निभावलं असतं. बोलले तर परमिट जाणार, न बोलले तर आयुष्यभर जपलेला शब्द.

अप्पा सरळ झाले. "साहेब, ही सेटिंग खोटी हाय. माझी न्हाई, पण गाडी माझ्या गॅरेजातनं निघाली, तवा जबाबदारी माझी."

काजामियाँ मटकन रस्त्याकडेच्या दगडावर बसले. "मेरी गलती है साहब. सुबह स्टँडवालेके पास गया था. अप्पाके हाथपे पूरा भरोसा था." त्यांनी दोन्ही कान धरले. "अपने नसीबपे नहीं था."

साहेबांनी पिशवीतून पुस्तक काढलं, पेन काढलं. काय लिहिणार ते आम्हाला कळून चुकलं होतं.

"साहेब, एक मिनिट," अप्पा म्हणाले. "मी ती खरी करतो. तुमी हितंच उभारा. गाडी माणसं अन् पोती घेऊन चढ चढंल. धूर दिसला तर ते पुस्तक फाडून फेका, मी काय बोलणार न्हाई."

साहेबांनी पेनाला टोपण घातलं. मग कानडीत म्हणाले, "आयतु." ठीक आहे.

अप्पांनी स्क्रू फिरवला. आमच्या तिघांच्या वजनाच्या बदली रस्त्यानं चाललेल्या पाच माणसांना गाडीत कोंबलं. शांताक्का परत चढायला तयार नव्हत्या. "लेकीच्या घरी जिवंत पोचायचंय मला!" त्यांनाही पोत्यांची आठवण देऊन बसवलं. साहेब, अप्पा आणि मी खाली, सायलेन्सरच्या मागं, रस्त्याच्या मधोमध उभे.

काजामियाँनी डोळे मिटले, उघडले, आणि गाडी सोडली.

इंजिन गरजलं. पहिला गिअर, दुसरा गिअर. गाडी अर्ध्या चढावर आली, जिथं मघाशी मेली होती ती जागा मागं टाकली आणि तशीच वर गेली. साहेब पापणी न लवता बघत होते. अप्पा गळ्यातल्या लिंगाला हात लावून उभे होते. गाडी माथ्यावर पोचली, क्षणभर उन्हात चमकली आणि पलीकडं उतरली. थोडा वेळ आवाज येत राहिला. मग तोही मन्नाएखेळ्ळीच्या दिशेनं विरून गेला. आम्ही वाट बघितली. ती काही परत येईना. रस्त्यावर आम्ही तिघं, ओढा आणि उडालेली धूळ, तीही हळूहळू खाली बसली.

साहेबांनी गुडघा वर करून त्यावर पुस्तक टेकवलं.

अप्पा पुस्तकाकडं वाकले. "साहेब... धूर?"

"दिसला नाही."

"अन् गाडी?"

साहेबांनी मान वर करून रिकाम्या चढाकडं बघितलं.

"तीही दिसत नाही!" ते म्हणाले, आणि सही ठोकली.